सात नंबरचं बॉनेट

मी निवृत्त हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. फौजेत चोवीस वर्षं सर्व्हिस. आता नवघरला राहतो. काशीमीऱ्याला अस्लमचं गॅरेज आहे, तो जुन्या गाड्या दुरुस्त करतो. लोक त्याच्याकडे आजोबांचे फोटो घेऊन येतात, मागे उभी असलेली गाडी कुठली ते विचारायला. अस्लम ते फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. मी सकाळी सहाला चालून येतो, आठला चष्मा लावून बसतो. ग्रिल बघतो, काचेच्या बिजागऱ्या, चाकाचे नट. घरात आजोबांची म्हणून मिरवलेली गाडी पुष्कळदा भाड्याची टॅक्सी निघते. तेही सांगतो. लोक नाराज होतात, त्याला माझा इलाज नाही.

एका खुणेवर मी नाव सांगत नाही. तीन जुळाव्या लागतात. अस्लमला वाटतं, मी भाव खातो.

गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला. "साहब, भाईंदर से एक मौसी आयी है. फोटो में आर्मी की गाडी है. जरा देख लो."

फोटो उघडला. जोंगा होती, फौजेची मोठी जीप, आमच्याच युनिटची. शेजारी सिपाही मोरेश्वर पाटील उभा होता. मला काहीच वाटलं नाही. चहा संपवला, कप विसळला आणि अस्लमला लिहिलं, मौसीला बसवून ठेव.

मोरेश्वर आमचा रेडिओ ऑपरेटर. भाईंदरच्या कोळीवाड्यातला. आम्ही दोघंच इकडचे, त्यामुळे जेवायला शेजारी बसायचो. डाळ बघितली की तो बोंबलांची आठवण काढायचा, रोज, न चुकता.

युनिट तेव्हा उत्तरेत, पहाडात होती. त्या दिवशी सकाळी दोन जोंगा पुढच्या पोस्टला निघाल्या. सात नंबरमध्ये सामान आणि एकटा ड्रायव्हर. तासाभराने चार नंबर, तिच्यात ड्रायव्हर नायक दळवी आणि मोरेश्वर. मी आदल्या संध्याकाळी रजेवरून हजर झालो होतो.

दुपारी १३५० ला खबर आली, एक जोंगा नाल्यात गेली. मी रिकव्हरीच्या गाडीने पोहोचलो तेव्हा १४१० झाले होते. बर्फ पडत होता. खाली फक्त बॉनेट दिसत होतं, बाकी गाडी दगडांमागे. दुसऱ्या युनिटची पार्टी दोर लावून उतरत होती. त्यांना आमचे जवान माहीत नव्हते.

वायरलेस सेटवर सुभेदारसाहेब होते. "गाडी कौनसी? ओव्हर."

बॉनेटवर डाव्या बाजूला एक पोचा होता. तो मी स्वतः ठोकून काढला होता, पुरता निघाला नव्हता. माझ्या हातचं काम मी ओळखणार नाही तर कोण?

"सात नंबर. ओव्हर."

"कितने जवान?"

"एक. ओव्हर."

पार्टीला गाडीजवळ एक जवान मिळाला. गेलेला होता. खालून विचारलं, "और कोई?" मी म्हणालो, "नहीं. एक ही." सुभेदारसाहेबांनी हुकूम दिला, पार्टी वापस. मौसम बिघडत होता. हुकूम बरोबर होता.

१४५० ला स्ट्रेचर वर आलं. मी ब्लँकेट बाजूला केलं. नायक दळवी होता. चार नंबरचा ड्रायव्हर.

मी रजेवर असताना चारचं बॉनेट निकामी झालं होतं. सात नंबर इंजिनच्या कामासाठी उभी होती, तिचं काढून चारला लावलं आणि सातला नंतर स्टोअरमधलं नवं बसवलं. असं आम्ही नेहमीच करायचो. वर्कशॉपच्या रजिस्टरमध्ये नोंद होती. मी रजिस्टर वाचलं नव्हतं.

पार्टी परत उतरली. मोरेश्वर गाडीपासून तीस पावलांवर मिळाला, एका मोठ्या दगडाला टेकून बसलेला. पाय मोडला होता. सेट मांडीवर होता. बोलायचं बटण तुटलं होतं, पण सेट चालू होता, सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासापूर्वीपर्यंत जिवंत असावा.

चौकशी झाली. मी जे घडलं ते सांगितलं. ताकीद मिळाली. पुढे सर्व्हिस पूर्ण केली, पेन्शनवर आलो. कोळीवाडा माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. मी कधी गेलो नाही.

साडेदहाला गॅरेजवर पोहोचलो. मौसी म्हणजे मोरेश्वरची मोठी बहीण, हिराताई. बाजारात मासळी विकतात. टायरवर बसल्या होत्या, फोटो पिशवीत गुंडाळलेला.

"आई गेली दादा. तिच्या पेटीत ह्यो फोटो व्हता," त्या म्हणाल्या. "माजा भाव गेला ती गाडी हीच का, येवढंच पायजे. दुसरं काय न्हाय."

फोटो मोरेश्वरने शेवटच्या पत्रात पाठवला होता. मी भिंग घेतलं. बॉनेट सातचं. आरशाचा वेल्ड केलेला दांडा चारचा. बंपरचा वाकडा हुक चारचा. काचेची फ्रेम चारची. बघायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"हीच," मी म्हणालो. मग बाकीचंही सांगितलं. बॉनेट, रजिस्टर, चाळीस मिनिटं, चालू सेट. काही गाळलं नाही. अस्लम पाना हातात धरून उभा राहिला.

हिराताईंनी फोटो माझ्या हातातून घेतला.

"म्हंजे तुमी बोलत व्हते ते त्याला ऐकू येत व्हतं."

"हो."

"तुमचा आवाज वळखत व्हता तो?"

"ओळखत होता."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. त्यांनी अस्लमकडून पेन मागून घेतलं आणि फोटो उलटा करून माझ्यापुढे धरला.

"लिवा," म्हणाल्या. "आता बरोबर लिवा."

मी लिहिलं. नायक विठ्ठल दळवी, ड्रायव्हर. सिपाही मोरेश्वर पाटील, रेडिओ ऑपरेटर. गाडी नंबर चार. जवान दोन.