मुकल्ल्याचा पिवळा नान

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. औरंगाबादच्या एका दैनिकात बातम्या तपासण्यात हयात गेली. दोन साक्षीदार नसतील तर बातमी टोपलीत. इथं साक्षीदार तीन आहेत... म्हणूनच लिहितो आहे.

एका शिडाच्या जहाजावर वार्तांकनासाठी गेलो होतो. येमेनच्या किनाऱ्यावर, मुकल्ला या जुन्या बंदरात, खलाशांना एक दिवस सुट्टी मिळाली. मी, खलाशांचे म्होरके तांडेल कासमभाई आणि जहाजावरचा स्वयंपाकी सलीम असे तिघं उतरलो. सलीम औरंगाबादच्या उस्मानपुऱ्याचा चाऊस, म्हणजे निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांच्या वंशातला. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर त्याच्या नानांना, म्हणजे आईच्या वडिलांना, इतर अरबांसोबत जहाजानं इकडं धाडलं होतं. ते नान भाजायचे. पुढं काहीच कळलं नाही. सलीमची आई जुबेदा तेव्हा सहा वर्षांची. मेल्याची खबर नाही, म्हणून वडिलांच्या नावानं तिनं आजवर फातिहा, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, पढू दिला नव्हता.

त्यांची कबर शोधत दुपारपर्यंत आम्ही दोन कब्रस्तानं पालथी घातली. काही नाही.

"अम्मीला काय सांगू," सलीम म्हणाला, "समंदर लई मोठा है?"

परतताना एका भट्टीपुढं तो थांबला. पिवळे नान. हळदीचं पाणी लावलेले, औरंगाबादच्या शहागंजात असतात तसे.

"यहाँ कौन लगाता हल्दी?"

भट्टीवाला पंचविशीतला, फक्त अरबी बोलणारा. कासमभाईंनी अरबीत विचारलं. हळद आजच पहिल्यांदा लावली, म्हणाला. का — ते माहीत नाही. कापडात गुंडाळलेला एक नान त्यानं पुढं केला. हा विकायचा नाही, जुबेदाचा आहे. कोण जुबेदा? त्यानं खांदे उडवले.

सलीमनं कापड उघडलं. नानावर बोटांचे तीन खड्डे, मधल्या बोटाची जागा सपाट.

"अम्मी बोलती, नाना का बीच का उंगली नहीं था," सलीम हळूच म्हणाला.

मी भट्टीवाल्याचे हात पाहिले. दहाही बोटं शाबूत.

औरंगाबादला पोचेपर्यंत नान लाकडासारखा झाला होता. सलीमनं काही न सांगता तो आईच्या हातात दिला. जुबेदाखालांनी तो चाचपला. मग मधलं बोट दुमडून उरलेली तीन बोटं खड्ड्यांत ठेवली.

"सलीम, मौलवीसाब कू बुला ला," त्या म्हणाल्या. "फातिहा पढनेकू."

या सगळ्याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. पुढच्या फेरीत कासमभाई मुद्दाम त्या भट्टीवर जाऊन आले. नान पांढरेच होते.