रानात न पोचलेले पाढे

नव्वदच्या दशकात सिद्धेश्वरजवळच्या आमच्या गावात शाळा कशी चाललीय हे लोक कानांनी ओळखायचे. शेवटच्या तासाला साऱ्या शाळेनं पत्र्याच्या एका खोलीत बसून पाढे म्हणायचे आणि ते पार कापसाच्या रानात ऐकू गेले पाहिजेत. आवाज पोचला की गुरुजी चांगले. शिकणं म्हणजे ओरडणं, असा सरळ हिशोब होता.

मला त्या तासाची फार भीती वाटायची. पाढे सुरू झाले की पत्रा थरथरायचा आणि तो सगळा आवाज डोक्यात शिरून दातांपर्यंत दुखायचा. मी कानात बोटं घालून दप्तरात तोंड खुपसायची, नाहीतर सरळ घराकडे धूम ठोकायची. गावानं मला नाटकी ठरवून टाकलं होतं. तिसरीत असताना वडिलांनी निर्वाणीचं सांगितलं, आता एकदा जरी पळून आलीस तर दप्तर खुंटीला आणि तू रानात तण निंदायला. मला शाळा हवी होती, फक्त तो तास नको होता. पण हे कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं.

त्याच वर्षी नव्या बाई आल्या. तुला नेमकं काय होतं, असं त्यांनी मला विचारलं. तोवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी मला दाराजवळ बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणायचं. पोरांना गंमत वाटली. मला मात्र पहिल्यांदा पाढे ऐकू आले. तोवर नुसता कल्ला ऐकू यायचा.

थोड्याच दिवसांत रानातली माणसं शाळेवर आली. पुढे गावातले एक वजनदार म्हातारे, मागे चार-पाच जण, त्यांत माझे वडील. म्हातारबा दारातच, म्हणजे माझ्या डोक्यावरच, गरजले, "बाई, शाळा बंद हाय का? पाढे काहून ऐकू येऊन न्हाई राहिले?"

शाळा चालू आहे, आत येऊन बसा, असं बाई म्हणाल्या. गावानं वर तक्रार केली की बदली व्हायला वेळ लागत नसे. मला वाटलं, आता बाई माझ्यापायी जाणार आणि पत्रा पुन्हा थरथरणार. बोटं कानाकडे निघालीच होती, ती मी मांडीखाली दाबली. वर्ग हळू आवाजात सतराचा पाढा म्हणत होता. मीही म्हणत होते. आवाज फुटतोय की नाही ते कळत नव्हतं.

म्हातारबांनी पुन्हा आवाज चढवला. ह्याला काय शाळा म्हणायचं, असं ते इतरांना विचारत होते.

वडील वाकून माझ्या तोंडाकडे बघत होते. मग म्हातारबांकडे वळून म्हणाले, "आबा, जरा हळू बोला. माझं लेकरू पाढे म्हणून राहिलं."