कूपनच्या मागची बातमी
नातवंडांनो, आज ड्रॉवर आवरताना दह्याचं जुनं कूपन हाती आलं, म्हणून लिहिते. अमेरिकेत हर्नडनला राहत होतो तेव्हा आमच्या शेजारच्या रशियन बाई एका सकाळी घाईने आल्या. रशियातल्या त्यांच्या भावाच्या प्रयोगशाळेने शोध लावला होता. "तुमच्या पेपरात आलंय का?" पहिल्या पानावर एका अमेरिकन प्रयोगशाळेचा शोध फोटोसकट होता, भावाचं नाव कुठेच दिसेना. बाईंचा चेहरा उतरला. मग मी त्याच पेपरातून नुकतंच कापलेलं दह्याच्या सवलतीचं कूपन उलटलं, तर मागे चार ओळी होत्या: 'रशियन शास्त्रज्ञांचा दावा'. "त्यांचा शोध, आमचा दावा! तोही दह्याच्या पाठीमागे!" म्हणत त्या हसल्या, भावाला त्या ओळींचा फोटो पाठवला आणि कूपन परत दिलं. "घ्या, दही आणा." ते दही मी आणलं नाही. कूपनची मुदत केव्हाच संपली. त्या चार ओळी अजून नीट वाचता येतात.