बाल्कनीतली भरती

आमच्याकडे दिवाळीचा किल्ला मी करायचो आणि नाव लेकीचं लागायचं. गेल्या वर्षी इथल्या, आखातातल्या मराठी मंडळाच्या किल्ला स्पर्धेचे परीक्षक जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या बाल्कनीत आले, तेव्हा रायगडाची माहिती मीच घडाघडा सांगितली आणि दहा वर्षांची लेक शेजारी मख्ख उभी. परीक्षकांनी शेरा मारला, "बाबांची तयारी उत्तम." मला ते फार लागलं. बक्षीस गेलं त्याचं नव्हे. पोरीला आपल्या भाषेत दोन मिनिटंही बोलता येत नाही, हे त्यांनी माझ्या घरात, माझा चिवडा खाता खाता मला दाखवून दिलं, त्याचं.

या वर्षी नियमच निघाला की माहिती मुलांनी मराठीत सांगायची, आणि पालकांनी तोंड उघडलं की स्पर्धेतून बाद. लेक म्हणाली, चालेल, पण मग किल्लाही माझा. तिने निवडला कुठला, तर फ्रान्समधलं मों सँ-मिशेल. समुद्रातला खडक, त्यावर मठ, भोवती तटबंदी. भरती आली की रस्ता पाण्याखाली, ओहोटीला पुन्हा उघडा. मी घर डोक्यावर घेतलं. सह्याद्रीत किल्ले कमी पडले का?

"बाबा, द इंग्लिश कुड नेव्हर टेक इट," ती म्हणाली.

वर्षानुवर्षं वेढा घालूनही इंग्रजांना तो घेता आला नाही म्हटल्यावर माझा विरोध बराच निवळला.

नर्सरीतून मातीची पोती आणली. वीस दिरहमला एक, म्हणजे जवळपास पाचशे रुपये. पुण्यात आम्ही माती शेजाऱ्यांच्या बागेतून उचलायचो. फुगवायच्या टबात बेट उभं राहिलं. भिक्षू कुठून आणणार? आजीने पाठवलेल्या मातीच्या मावळ्यांनाच तिने वापरलेल्या टी-बॅगचे झगे चढवले. तलवारी झग्यातून बाहेर यायच्या, त्याला इलाज नव्हता. वाघ मठाच्या दारात बसला. महाराजांचं सिंहासन किनाऱ्यावर, कोरड्या जागी. ते पाहुणे आहेत, असं मला सांगण्यात आलं.

मला काम एकच होतं, नळ सांभाळायचा. लेकीने एक हात वर केला की पाइप सोडून भरती आणायची, दोन्ही केले की बंद.

परीक्षक आले ते कडक इस्त्रीच्या झब्ब्यात आणि पांढऱ्याशुभ्र मोज्यांत. बाल्कनीच्या पार कोपऱ्यात जाऊन त्यांनी किल्ला निरखला आणि म्हणाले, "हा तर मठ आहे. याला किल्ला कसं म्हणायचं?"

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. लेकीने हात वर केला, मी नळ सोडला, आणि ती पाठ केलेलं बोलू लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत मनातल्या मनात तेच म्हणत होतो. त्या नादात तिचे दोन्ही हात वर झालेले मला दिसलेच नाहीत. पाणी टबाबाहेर उसळलं, बाल्कनीभर पसरलं, आणि वाहून आलेल्या मातीने सांडपाण्याची जाळी तुंबली. परीक्षक मोजे वाचवायला खुर्चीवर चढले. ते तिकडे, दार इकडे, मध्ये घोटाभर समुद्र.

"काका, आता तुम्हाला बाहेर येता येत नाही आणि कोणाला आत जाता येत नाही," लेक म्हणाली. "म्हणून हा किल्ला आहे."

परीक्षकांना ते मान्य करावं लागलं. मी नळ बंद करून, गुडघे टेकून चमच्याने जाळी उपसायला बसलो. पाठ केलेली दोन मिनिटं एव्हाना संपली होती. आता ही गप्प होणार, या धास्तीने मी चमचा भराभर चालवू लागलो.

ती गप्प झालीच नाही. भिक्षू काय करायचे, रस्ता कसा बुडायचा, इंग्रज तोफा तिथेच टाकून कसे गेले, सगळं सांगत सुटली. परीक्षक खुर्चीवरून प्रश्न विचारत होते. शब्द अडला की ती हाताने दाखवायची आणि पुढे जायची. तोफा तिच्या तोंडी 'तो' झाल्या, रस्ता 'ती' झाला. मी एकही चूक सुधारली नाही. बोललो असतो तर बाद झालो असतो.

तेवढ्यात जाळी मोकळी झाली आणि पाणी उतरायला लागलं. लेक माझ्याकडे वळली.

"बाबा, अजून पाणी नको ना काढू. तिथे नंतर तुरुंग केला, ते सांगायचं राहिलंय."