नऊ सेकंदांत जागा होणारा डबा

निरोप न घेता निघून जाण्याची विद्या आमच्या पलीकडच्यांना जितकी साधली होती, तितकी या भूतलावर दुसऱ्या कुणाला साधली असेल असं मला वाटत नाही. टोकियोतल्या निशी-कसाईत आमच्या भिंतीला भिंत लागून ते एकटे राहत, म्हणून माझी बायको त्यांना ‘पलीकडचे’ म्हणे आणि पुढे मीही म्हणू लागलो. सकाळी आम्ही एकाच गाडीने कामाला जायचो. मी बँकेत, ते एका जपानी कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून. गाडीत ते रंगात येऊन काहीतरी सांगत असायचे आणि त्यांचं स्टेशन आलं की वाक्य जिथं असेल तिथं टाकून उतरायचे. “मग मी त्या माणसाला स्पष्टच सांगितलं की,” आणि दार बंद. त्या माणसाला त्यांनी काय सांगितलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. फोनवरही ‘बरंय’ नाही, ‘ठेवतो’ नाही. बोलणं संपलं असं त्यांना वाटलं की फोन बंद. आमच्या घरमालकीणबाई तळमजल्यावर राहत. जपानी माणसाचा निरोप म्हणजे एक सावकाश चालणारा सोहळा असतो: एकदा वाकायचं, दोन पावलं मागे सरायचं, पुन्हा वाकायचं. बाई वाकून वर बघत तेव्हा समोर मोकळा जिना असे. पहिल्याच वर्षी त्यांनी मला बाजूला घेऊन, आपल्याकडून त्यांचा काही अपमान झाला का, असं काळजीने विचारलं होतं. आमच्या देशात काही घराण्यांत तशी रीतच असते, असं मी तोडक्यामोडक्या जपानीत ठोकून दिलं. त्यानंतर बाई त्यांच्याकडे फार जुन्या घराण्यातला माणूस म्हणून आदराने पाहू लागल्या.

मी एकदा त्यांना याबद्दल छेडलं, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, “ज्या यंत्राला ‘आता तुला बंद करतोय हं’ असं आधी सांगावं लागतं, ते यंत्र कच्चं. कधीही प्लग उपटला तरी त्याचं काही अडून राहता कामा नये.” हे त्यांचं नुसतं मत नव्हतं. ते खरोखरच प्लग उपटत. ऑफिसात त्यांच्या टेबलाखालून वायर ओढल्याचा आवाज आला की शेजारचे जपानी सहकारी डोळे मिटून घेत, असं त्यांचे साहेब ओकुदा-सान यांनी मला सांगितलं होतं. जिथं वर्षानुवर्षं वीज जात नाही अशा देशात हा गृहस्थ दिवसातून चाळीस वेळा हाताने वीज घालवायचा. आमच्या घरीही हा प्रयोग झाला. मला सावकाश लिहायची सवय आहे. एका दिवाळी अंकासाठी चार पानं मी तीन आठवडे खपून टाईप केली होती. रविवारी ते चहाला आले. “चला, बागेत एक चक्कर मारू,” म्हणाले. मी म्हटलं, “थांबा, कॉम्प्युटर बंद होऊ द्या.” “एवढा वेळ?” असं म्हणत त्यांनी वाकून प्लग काढला. चार पानं गेली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “बरं झालं, मी वाचली होती.” आणि पलीकडचे मला समजावत राहिले, की चूक प्लग काढणाऱ्याची नसून लिहिलेलं वेळीच जपून न ठेवणाऱ्या यंत्राची आहे.

त्यांच्या घरात शिरलं की आधी वाटे, माणूस कालच राहायला आलाय किंवा उद्या निघालाय. एक खुर्ची, एक ताट, एक वाटी, एक पातेलं. माझ्या बायकोने दया येऊन एक जास्तीचं ताट दिलं, ते दुसऱ्या दिवशी घासूनपुसून परत आलं. “वहिनी, तोंड एकच आहे.” वहिनीही काही कमी नव्हत्या. “आणि पाहुणा आला तर?” “पाहुणा तुमच्याकडे जेवेल,” असं म्हणून ते निघूनही गेले होते. प्रत्येक वस्तूकडे बघून ते एकच प्रश्न विचारत: “हे लागतं का?” हा प्रश्न त्यांच्या धंद्यातून आला होता. टेबलावर त्यांची मुख्य दौलत पसरलेली असे, पत्त्यांच्या कॅटाएवढे हिरवे बोर्ड. अकिहाबाराच्या, म्हणजे टोकियोतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या, गल्ल्यांतून ते निवडून आणत. अशा एका बोर्डावर अख्खा कॉम्प्युटर बसवलेला असतो. त्याला पेटी नाही, पडदा नाही. त्यात ते लिनक्स घालत. लिनक्सचा जो गाभा असतो, त्याला म्हणतात कर्नल. तो सगळ्या जगाच्या सोयीचा, म्हणून त्यात जगातल्या यच्चयावत यंत्रांची तयारी करून ठेवलेली असते. आपल्या बोर्डापुरता कर्नल बांधायचा तर आधी शेकडो प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: हे हवं का, ते हवं का. पलीकडचे त्या प्रश्नांना ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ अशी उत्तरं देत बसत आणि प्रत्येक नकाराबरोबर त्यांच्या चेहऱ्यावर समाधान वाढत जाई. प्रश्न संपले की यंत्र तो कर्नल बांधायला घेई आणि त्याला दोन-अडीच तास लागत. कुकर लावावा तसा ते बिल्ड लावून आमच्याकडे येत. “बिल्ड लावलंय,” असं दारातच सांगत आणि बायको निमूटपणे तांदूळ वाढवून घेई.

इतका खटाटोप कशासाठी, असं मी बरेच दिवस विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा कळलं, की तो सगळा एका डब्यासाठी होता. नोरीच्या, म्हणजे त्या शेवाळाच्या पापडांच्या, रिकाम्या पत्र्याच्या डब्यात आतून पुठ्ठा लावून त्यांनी एक बोर्ड बसवला होता. डब्याला बाहेर एक लाल दिवा. हा डबा त्यांच्या वडिलांसाठी होता. अण्णा निवृत्त हेडमास्तर, कऱ्हाडला एकटे राहत. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. तिच्या आजारपणात अण्णा फोनवर रोज एकच सांगत राहिले, “ठीक आहे.” मुलगा परदेशी, कामात असेल, उगाच घोर कशाला, म्हणून. शेवटी खरं कळलं तेव्हा विमानाचं तिकीट काढून उपयोग उरला नव्हता. “अण्णा माझ्याशी खोटं बोलले नाहीत,” ते मला म्हणाले, “त्यांनी फक्त ‘ठीक आहे’ म्हटलं. उद्या स्वतःचं काही झालं तरी तेच म्हणतील. मला असं काहीतरी हवंय ज्याला ‘ठीक आहे’ म्हणता येत नाही.” मग बेत ठरला. अण्णांनी सकाळी उठल्यावर चहा टाकताना डब्याचं बटण दाबायचं. डबा जागा होऊन घरच्या फोनवरून इंटरनेटला लागणार आणि पलीकडच्यांच्या मोबाइलवर एक मेल पाठवणार. मेलमध्ये मजकूर नाही, फक्त एकाचा आकडा. तेवढंच लागतं, म्हणाले.

अर्थात आपल्यावर पाळत ठेवायला डबा आणलाय असं कळतं तर अण्णांनी तो रस्त्यावर ठेवला असता. म्हणून त्यांना सांगितलं, की हे ऑफिसचं टेस्टिंग आहे, भारतातल्या विजेवर यंत्र टिकतं का ते बघायचंय, रोज सकाळी एकदा चालू करा. मुलाच्या नोकरीचा प्रश्न म्हटल्यावर अण्णांनी ते काम परीक्षेच्या पर्यवेक्षणासारखं अंगावर घेतलं. पण पहिले दहा दिवस आकडा आलाच नाही. कारण अण्णा बटण दाबत, लाल दिवा लागलेला बघत, चहा गाळत आणि डबा बंद करून टाकत. खोलीतून निघताना दिवा-पंखा बंद करायची चाळीस वर्षांची सवय. डबा तरी चालू का ठेवतील? डब्याला नुसतं जागं व्हायलाच पाऊण मिनिट लागे, मग फोन लागायचा, तोवर अण्णांनी गाळणं धुतलेलं असे. मी सरळ मनाने म्हटलं, “अहो, वडिलांना सांगा की, पाच मिनिटं चालू राहू द्या.” त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “कर्नल बदलता येतो. अण्णा नाही.”

पुढची दीड वर्षं या माणसाने अण्णांच्या चहाशी शर्यत लावली. कर्नलमधून आवाज काढला, चित्र काढलं, जे जे अण्णांच्या डब्याला लागत नाही ते ते काढलं. पंचेचाळीस सेकंदांचे तीस झाले, तिसांचे अठरा. दर सुधारलेली आवृत्ती कुणी ना कुणी भारतात जाणाऱ्याच्या सामानातून कऱ्हाडला जाई. अण्णा कधी मधेच बटण बंद करतील, कधी लोडशेडिंग होईल, म्हणून डबा असा बांधला होता की केव्हाही वीज तोडली तरी आतलं काही बिघडू नये. ते दिवसाकाठी चाळीस वेळा प्लग उपटणं याच्यासाठी होतं. लोडशेडिंगचं वेळापत्रक त्यांच्या भिंतीवर गाडीच्या वेळापत्रकाशेजारी लावलेलं असे. ते अण्णा फोनवर वाचून दाखवत, आणि बापलेकांमध्ये दोन मिनिटांच्या वर चाललेलं बोलणं म्हणजे एवढंच. अखेर एका सोमवारी, कऱ्हाडला सकाळचे सहा आणि इथं साडेनऊ वाजले असताना, भर मीटिंगमध्ये त्यांच्या खिशातला मोबाइल थरथरला. एक. डबा नऊ सेकंदांत जागा झाला होता. ओकुदा-सान सांगत होते, की त्यांनी उठून सगळ्या मीटिंगला वाकून नमस्कार केला आणि न बोलता बाहेर गेले. त्यानंतर ओकुदा-साननाही त्या थरथरीची सवय झाली. साडेनऊ झाले की तेच विचारत, “ओतोसान उठले?” म्हणजे बाबा उठले का. वीज नसली तर आकडा उशिरा येई आणि तोवर पलीकडच्यांना कुणी काम सांगत नसे.

अशी चार वर्षं गेली. एका मंगळवारी आम्ही नेहमीच्या गाडीत होतो. घरमालकीणबाईंनी त्यांना दुसरी खुर्ची देऊ केली होती आणि ती कशी नाकारावी यावर ते बोलत होते. “जपानीत ‘नको’ म्हणायला शब्दच नाही हो, म्हणजे आहे, पण,” इतकं म्हणून ते उतरले. सव्वाआठच्या सुमारास, ऑफिसात पोचल्या पोचल्या, ते खुर्चीतच कलंडले. आणीबाणीत कुणाला कळवायचं या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहून ठेवलं होतं, हेही मला त्या दिवशीच समजलं. मी इस्पितळात पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. ओकुदा-सान उभे होते. त्यांनी पलीकडच्यांचा मोबाइल दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, आणि मी तो घेत असतानाच तो आमच्या दोघांच्या हातात थरथरला. साडेनऊ वाजले होते. ओकुदा-साननी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

अण्णांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी ‘ठीक आहे’ म्हटलं नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, आणि मग मी कोण, कुठला, जेवलो का, ते विचारलं.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. फोन स्वतःहून करणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणाले, “ते ऑफिसचं टेस्टिंग बंद झालं असेल ना? डबा परत पाठवायचा का?”

“नको, अण्णा. टेस्टिंग चालू आहे.”

“कोण बघतं आता?”

“मी बघतो.”

“तुम्ही तर बँकेत आहात.”

“हो,” मी म्हटलं. मग ते म्हणाले, “बरं. बघा.”

पलीकडच्यांच्या ऑफिसातल्या पुण्याच्या एका मुलीने ते मेल माझ्या मोबाइलवर वळवून दिलं. आता साडेनऊला बँकेत माझा खिसा थरथरतो. अण्णांना सगळं माहीत होतं का, कधीपासून होतं, हे मी विचारलेलं नाही. ते गृहस्थ चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासत होते, एवढं मला माहीत आहे.

मागच्या आठवड्यात मी त्यांना फोन केला, तेव्हा लोडशेडिंगचं नवं वेळापत्रक त्यांनी मला सावकाश वाचून दाखवलं आणि मी ते लिहून घेतलं. शेवटी मी सहज विचारलं, डबा वेळेवर चालू-बंद होतो ना? “चालू होतो,” अण्णा म्हणाले. “नंतर दिवसभर बंद नाही करत हल्ली. कोपऱ्यात लाल दिवा असतो तेवढा. असू दे. वीज गेली की जाईल आपोआप.” मी ‘बरंय अण्णा, ठेवतो’ म्हणायला तोंड उघडलं, तोवर तिकडून फोन बंद झाला होता.