घाट वगळला तो दिवस

सासूबाई आमच्याकडे फुलचूरला राहायला आल्या त्या पाय मोडला म्हणून. एरवी त्या चार दिवसांच्या वर कधी टिकल्या नाहीत. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली त्यांची थोडी धानाची शेती आहे, आणि सासरे गेल्यापासून ती त्या एकट्याच बघतात. धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या दिवसांत दोन शेतांमधल्या ओल्या धुऱ्यावरून त्यांचा पाय घसरला आणि टोंगळ्याखालचं, म्हणजे गुडघ्याखालचं हाड मोडलं. गोंदियात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, यंदाचा पावसाळा घरात काढायचा.

समोरच्या खोलीत, खिडकीजवळ त्यांची खाट टाकली. नवरा तिरोड्याच्या वीज प्रकल्पात कामाला, त्याच्या पाळ्या बदलत्या. मी शाळेतून दुपारी परत यायचे, आणि मग अंधार पडेपर्यंत घरात आम्ही दोघीच. आमच्यात भांडण कधीच नव्हतं. पण बोलणंही नव्हतं. मी चहा दिला की त्या म्हणत, "ठेव." मी विचारलं, दुखतं का, तर म्हणत, "दुखन नाई त काय करन." एवढ्यावर आमचा संवाद संपायचा.

त्या दिवसांत फ्रान्समधली ती मोठी सायकल शर्यत सुरू होती, तीन आठवडे चालणारी. मला तिचं वेड आहे. मी तिरोड्याजवळच्या खेड्यातली. हायस्कूलला सायकलनं जायचे आणि जाताना कुणाला पुढे जाऊ द्यायचे नाही. एकदा तालुक्याच्या शर्यतीत दुसरी आले होते. लग्नानंतर स्कूटी आली आणि माझं सायकल चालवणं सुटलं, पाहणं मात्र उरलं. नवऱ्याला त्यात काही दिसत नाही. "तासन् तास लोक पायडल मारतात, तू काय पाहतेस?" असं तो विचारतो आणि झोपायला जातो. म्हणून मी मोबाईलवर आवाज बंद करून, स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता पाहायचे.

एक दिवस समोरच्या खोलीतून हाक आली.

"काय पाहून राहिली वं लपून?"

मी मोबाईल घेऊन गेले. त्यांनी तो हातात धरला, डोळ्यांपासून लांब नेला. पडद्यावर सूर्यफुलांची शेतं होती आणि मधून शंभर-दीडशे सायकली जात होत्या.

"टीव्हीवर नाई येत का हे?"

आलं. त्या दिवसापासून रोज आलं.

पहिले दोन दिवस त्यांनी फक्त शेतं पाहिली. गवताचे गोल गठ्ठे पाहिले, गाई पाहिल्या. "गाई धष्टपुष्ट आहेत," म्हणाल्या, "पर शिंगं काऊन नाईत?" ते मला माहीत नव्हतं. मग हळूहळू त्यांची नजर माणसांकडे वळली.

"हे सारे एकामागं एक काऊन चालून राहिले? जोर असन त पुढं जा न."

मी सांगितलं, की पुढे असतो तो वारा अंगावर घेतो आणि मागच्यांना कमी ताकद लागते. ज्याला जिंकवायचं असतं त्याला त्याच्या संघाची माणसं दिवसभर मागे लपवून आणतात आणि शेवटी सोडतात. त्यांनी मान हलवली. रोवणीत ज्या बाईचा हात चालतो तिला सगळ्यात पुढची ओळ देतात आणि बाकीच्या तिच्यामागे सरकतात, तसंच काहीतरी त्यांनी मनात बसवलं असावं. त्या दिवशी त्या पहिल्यांदा माझ्याशी जेवतानाही बोलल्या.

मग त्यांना त्यांचा माणूस सापडला. उंच डोंगरातल्या कुठल्याशा गावचा, काटकुळा, गालफडं बसलेली. सपाटीवर तो कुठं दिसायचा नाही. रस्ता चढायला लागला की मात्र एकेक जण गळत जायचा आणि हा उरायचा. सासूबाईंनी त्याचं नाव कधी उच्चारलं नाही. तो "आपला लुकडा" झाला.

"आपला लुकडा जिंकते का नाई?"

"कठीण आहे, आई. डोंगरात तो मिळवतो, पण एक दिवस एकेकट्यानं घड्याळ लावून सपाट रस्त्यावर सायकल पळवायची असते. त्या दिवशी अंगानं भरलेले लोक त्याला मागे टाकतात."

"मंग तो दिवस ठेवतेच कायले?"

त्या वर्षी तो दिवस होता, आणि लुकडा चौथा आला. पहिल्या तिघांना शेवटी पायऱ्यांवर उभं करतात. हा खाली गर्दीत पाण्याची बाटली घेऊन उभा होता. कॅमेरा त्याच्यावरून पटकन सरकला, पण आम्ही दोघींनी त्याला पाहिलं.

दिवाळीच्या सुमारास सासूबाई काठी घेऊन गावी परत गेल्या, धान कापणीला आलं होतं. त्या गेल्यावर घर मोकळं मोकळं वाटलं, आणि हे मला वाटेल असं मला वाटलं नव्हतं. पुढच्या वर्षीच्या शर्यतीचा रस्ता याच दिवसांत जाहीर होतो. मी त्यांना सांगून ठेवलं होतं. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. कापणी कशी झाली, मळणी कधी, काही नाही.

"रस्ता सांगतला का त्याईनं?"

मी नकाशा समोर घेऊन वाचून दाखवला. पहिला आठवडा सपाट, तिथं त्यानं पडायचं नाही, बस. घड्याळाचा दिवस छोटा ठेवलेला. आणि शेवटच्या आठवड्यात एका दिवसात तीन मोठे घाट, एकावर एक. रस्ता जणू त्याच्यासाठीच आखला होता. मी तसं म्हटलं.

"मंग यंदा पायऱ्याईवर उभा राहते तो," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

पुढच्या जुलैत, रोवणी उरकता उरकता, त्या अचानक बस धरून आल्या. नवऱ्याला सांगितलं, टोंगळा दाखवायचा आहे डॉक्टरला. तो चकित झाला, कारण दवाखान्याचं नाव काढलं की त्या चिडतात. पिशवीतून त्यांनी वांगी काढली, भाजीत घालायची तलावातली सुकट काढली, आणि चप्पल काढायच्या आधी विचारलं, "कितवा आहे?"

लुकडा तिसरा होता. घाटांचा दिवस दोन दिवसांवर होता.

घाटांच्या दिवशी मला शाळेला सुट्टी होती. सकाळी मी मोबाईल उघडला आणि बातमी वाचली. रस्ता बदलला होता. वरच्या एका गावात जनावरांवर साथ आली होती, कळप मारावे लागले होते, आणि शर्यत तिथून नेणार नव्हते. तीनपैकी दोन घाट वगळले. उरला फक्त शेवटचा. दिवस निम्म्यानं छोटा झाला.

मी चहा तसाच ठेवून बसले. मला खरंच राग आला. वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहिली तोच त्यांनी कापला. तीन घाट चढून चढून बाकीच्यांचे पाय गेले असते, तेव्हा लुकड्याचा जोर दिसला असता. एका घाटात काय होणार? बाकीचे ताजेतवाने त्याच्यासोबत वर येतील.

सासूबाईंनी माझं तोंड पाहिलं. "काय झालं वं?"

मी सांगितलं. वाटलं, त्याही चिडतील. 

"ढोराईले रोग आला असन त कसे नेतील तिथून?" त्या म्हणाल्या. "बराबर केलं त्याईनं."

"पण आई, आपल्या लुकड्याची वर्षाची मेहनत..."

"त्या गाईवाल्याची नाई का?"

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायला, आणि मग एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी आधी कुणाला सांगितली होती की नाही, मला माहीत नाही. नवऱ्याला तरी माहीत नव्हती.

माझा नवरा तेव्हा तान्हा होता. सासूबाईंच्या वडिलांकडे एक गाय होती, दुधाला चांगली. लेकीला बाळ झालं, दूध हवं, म्हणून म्हातारा ती गाय दोरीला धरून पायी निघाला. पण त्याच दिवसांत आजूबाजूच्या गावांत जनावरांमध्ये खुरकूत पसरली होती. सासूबाईंच्या सासरच्या गावानं ठरवलं होतं, बाहेरचं जनावर शिवेच्या आत येऊ द्यायचं नाही. नाल्यावर काटेरी फांद्या टाकून माणसं बसली होती. त्यांनी म्हाताऱ्याला अडवलं. गाय सोडून एकटं येऊ देणार होते, पण गाय कुठं सोडणार? निरोप आला तशी ही ओली बाळंतीण पोर कडेवर घेऊन नाल्यापर्यंत गेली.

"बाप पलीकडं, मी अलीकडं. मधात पानी. मी पोट्ट्याले वर उचलून दाखवला. तो म्हने, कोनावर गेला वं? मी म्हटलं, तुमच्यावरच गेला बाबा."

"मग?"

"मंग काय. थोडा वेळ उभा राह्यला, अना गाय घेऊन वापस गेला. तिकडंच पाणी पाजलं तिले."

"राग नाही आला तुम्हाला?"

"आला त. लय रडलो मी. घरी येऊन जेवलो नाई." त्यांनी बशी खाली ठेवली. "पर आमच्या गावातलं एकही ढोर मेलं नाई त्या साली. शेजारच्या गावात नांगराले बैल नाई उरला."

पुढच्या महिन्यात म्हातारा परत आला होता, गाय घेऊनच. तिचं दूध पिऊन माझा नवरा वाढला.

संध्याकाळी आम्ही टीव्हीसमोर बसलो. नवऱ्याला सुट्टी होती, तोही येऊन बसला. आईनं त्याला सकाळची गोष्ट पुन्हा सांगितली नव्हती, मी स्वयंपाकघरात सांगितली होती. तो खाटेवर आईच्या पायाशी बसला आणि शर्यत संपेपर्यंत उठला नाही.

छोटा दिवस म्हणून सगळे सुरुवातीपासूनच जोरात होते. घाटाच्या पायथ्याशी लुकड्याचा संघ पुढं आला. मग त्याच्या माणसांनी एकेक करून बाजू दिली आणि घाट निम्माही झाला नव्हता तोच लुकडा उभा राहून पायडल मारत एकटा सुटला. मी म्हणाले, "फार लवकर गेला. वरपर्यंत टिकणार नाही."

"त्याच्यापाशी एकच घाट हाये," सासूबाई म्हणाल्या. "राखून ठेवून काय करन?"

तो वर जात राहिला. धुकं होतं. रस्त्याच्या कडेला लोक रेनकोट घालून ओरडत होते. मागून येणाऱ्या तिघांशी त्याचं अंतर वाढलं, मग थोडं थांबलं, मग कमी होऊ लागलं. शेवटच्या वळणाआधी त्यातल्या एकानं त्याला गाठलं आणि पुढं निघून गेला. लुकडा मान खाली घालून चालवत राहिला. शेवटी तो दुसऱ्या क्रमांकावर आला. दिवस त्यानं जिंकला नाही, पण एकूण शर्यतीतली आपली तिसरी जागा इतकी पक्की केली की शेवटच्या दिवसापर्यंत ती कुणी हलवू शकलं नाही.

सासूबाई त्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबल्या. पायऱ्यांवर सगळ्यात खालच्या पायरीवर तो उभा राहिला, हातात एक फुलांचा गुच्छ, काय करावं ते न कळल्यासारखा. त्यांनी पदर डोक्यावरून नीट केला, आपल्याच घरचं कुणी उभं असावं तसा. दुसऱ्या दिवशी नवरा त्यांना बस स्टँडवर सोडायला गेला. डॉक्टरकडे त्या गेल्याच नाहीत.

यंदा त्या आल्या नाहीत. मजुरीला बायका मिळत नाहीत म्हणून रोवणी लांबली होती. मग सुट्टी जोडून मीच गेले. गावात नेटवर्क कमी, तलावाच्या पाळीवर, बांधावर मात्र येतं. संध्याकाळी आम्ही पाळीवर जाऊन बसलो. लुकडा आता दुसऱ्या संघात गेला आहे. वय झालं, असं लिहितात. एका नव्या, विशीतल्या पोराला वर चढवून द्यायचं काम त्याला दिलं आहे. हे मी त्यांना भीत भीत सांगितलं. वाटलं, आता त्या शर्यत पाहणं सोडतील.

"पोट्टा कसा हाये?" त्यांनी विचारलं.

"चांगला आहे. पण उतारावर घाबरतो."

"शिकन."

रोवणीवरून परतणाऱ्या दोन बायका, गुडघ्यापर्यंत चिखलाच्या, आमच्याजवळ थांबल्या. जयभीम झाला. सासूबाईंनी सरकून त्यांना जागा दिली आणि मोबाईल चौघींना दिसेल असा धरला. चित्र मधेच अडकत होतं. पडद्यावर डोंगर होता आणि एक वळण, आणि वळणावर काही सायकली जागच्या जागी थांबलेल्या. एक बाई म्हणाली, हे काऊन थांबले?

"थांबले नाईत," सासूबाई म्हणाल्या. "जाऊन राहिले. दिसन थोड्या वेळानं."