सरजाबाईचे उपास

ताडकळसच्या व्यंकटरावाचं जेवण म्हणजे बघण्यासारखा सोहळा. चार भाकरी, वरणाची वाटी, ठेच्याचा गोळा आणि वाढायला पदर सावरून उभी सरजाबाई. पोट भरलं की तो हात धुऊन बाजेवर आडवा व्हायचा. मग ती त्याच्याच ताटात आपली भाकरी घेऊन चुलीपाशी पाठमोरी बसायची. लग्नापासूनची रीत. बायको किती जेवते हे त्या भल्या माणसानं कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

पारावर नामांतराच्या मोर्च्यांची चर्चा रंगायची ते दिवस. त्या वर्षी सरजाबाईचे उपास वाढले. सोमवार होताच, त्यात गुरुवार आला, मग शनिवार. ‘‘देवाला बोललेय,’’ एवढंच ती सांगायची. गावात तिच्या भक्तीचं कौतुक व्हायचं आणि व्यंकटराव मिशीला पीळ देत ते ऐकून घ्यायचा. खरं तर दोन घास खाल्ले की तिचं पोट तट्ट व्हायचं. उपास नसेल त्या दिवशी ती आपली भाकरी गुपचूप मागच्या दारी कुत्रीला घालायची.

‘‘आपली कुत्री लय माजलीय की,’’ तो एकदा हसत म्हणाला. ‘‘कोण घालायलंय तिला एवढं?’’

‘‘तिचं नशीब,’’ सरजाबाई म्हणाली आणि तीही हसली.

चोळ्या ढगळ झाल्या, एक दिवस आडावर चक्कर येऊन ती पडली, तेव्हा कुठं औरंगाबाद गाठलं. डॉक्टरांनी पोटात दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासायला पाठवला. जठराचा कॅन्सर निघाला, यकृतापर्यंत पोचलेला.

‘‘सुरुवातीला कळलं असतं तर तेवढा भाग कापून काढता आला असता,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘रक्तातच याची खूण लवकर सापडावी म्हणून शोध चाललाय. तोवर आपल्याकडं साध्याच खुणा. भूक मरते, थोड्यात पोट भरतं. यांचं जेवण कधीपासून कमी झालं?’’

व्यंकटराव आठवू लागला. एवढ्या वर्षांचा संसार आणि डोळ्यांपुढं आली ती मागच्या दारची गुबगुबीत कुत्री. तो तिथंच, परक्या माणसांत, ढसाढसा रडला.

घरी आणल्यावर तो रोज समोर बसून तिला कण्या भरवायचा.

‘‘असं बघू नका, मला लाज वाटायलीय,’’ ती म्हणायची.

‘‘बघू दे,’’ तो म्हणायचा. घासाचे चमचे झाले, चमच्याचे थेंब झाले, तरी तो बघत राहिला. पोळ्यानंतर ती गेली.

पुढच्या साली मुलाचं लग्न झालं. आता जेवण झालं तरी व्यंकटराव ताटावरून उठत नाही. नवी सून खोळंबते.

‘‘मामा, हात धुवा की.’’

‘‘तू बस आधी. वेगळं ताट घे अन् माझ्यासमोर जेव.’’

सासऱ्यासमोर कसं जेवायचं म्हणून ती पदर ओढून भिंतीकडं वळते. म्हाताऱ्याचा खरकटा हात वाळून जातो, तरी तिच्या ताटातली भाकरी संपलेली दिसेपर्यंत तो जागचा हलत नाही.